ताम्हिणीतलं वळण

रविवार, रात्री

मनगटं आणि मान ठणकतायत, कंबरेचं तर विचारूच नका. टाकीवर ओणवं होऊन पौड रस्त्याचे खड्डे खाणं सत्तेचाळिशीत जरा जास्तच होतं. बायकोने मागे बसायला केव्हाच नकार दिलाय. ती मागची सीट बघून म्हणाली होती, “मी काय सर्कशीत आहे का?” तिचं बरोबरच आहे. तरी आज पहाटे केटीएमची आरसी ३९० ही स्पोर्ट बाईक काढली आणि एकटाच ताम्हिणीला जाऊन आलो.

लिहून ठेवायचंय ते एका वळणाबद्दल. मुळशी मागे टाकून घाटात शिरलो होतो. पाऊस बारीक, डांबरावर लाल माती वाहून आलेली. डावं वळण, गाडी वळणाकडे बऱ्यापैकी झोपवलेली, म्हणजे कललेली, आणि समोर रस्त्यात एसयूव्ही उभी! दार सताड उघडं, आणि एक काका मोबाईल वर धरून धबधबा टिपतायत. झोपलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे आमच्या पिढीच्या हाडात मुरलेलं. पण बोटांनी विचारलंच नाही, लिव्हर ओढला. बोटांखाली बारीक थरथर जाणवली, गाडी थोडी उभी झाली, पण तिने आपली लाईन सोडली नाही. एसयूव्हीच्या चांगलं अलीकडे थांबलो. वर काकाच म्हणाले, “हळू चालवा हो जरा!”

टायरची पकड ठरावीक असते. वळताना तिच्यातली बरीचशी वळण्यातच खर्च होते, उरलेल्या पकडीत ब्रेक मारायचा असतो. जास्त मागितलं की पुढचं चाक निसटलंच. साधं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सरळ रस्त्यावर उत्तम, पण ते चाक अडखळायला लागल्यावर जागं होतं, आणि झोपलेल्या गाडीला तेवढी उसंत नसते. या गाडीतला सेन्सर मात्र ती किती अंशात कललीय, नाक किती दबलंय हे सतत मोजत असतो आणि ब्रेकचा जोर त्या हिशेबाने आवरतो. बॉश या जर्मन कंपनीची ही यंत्रणा २०१४ च्या सुमारास केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरवर आली, तेव्हा ती आपल्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. २०२२ मध्ये ती या ३७३ सीसीच्या, आपल्या चाकणला बनणाऱ्या आरसीवरही मिळायला लागली. ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या भागावर, ‘बायब्रे’ लिहिलंय, तेही ब्रेम्बो या नामांकित इटालियन ब्रेक कंपनीचंच अपत्य.

मी यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० वर शिकलो. त्या गाडीला नावं ठेवणार नाही; रेस पिळली की पोटात गोळा आणायची. पण थांबायचं म्हटलं की दोन्हीकडे जुने ड्रम ब्रेक, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे रेस सोडली तरी इंजिन म्हणावं तसं ओढून धरत नसे. पावसात तर ब्रेक लागेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. लोक तिच्या आवाजाच्या आठवणी काढतात, तिच्या ब्रेकची आठवण कोणी काढल्याचं ऐकलं नाही.

म्हणून आजच्या स्पोर्ट बाईकचं मला खरं कौतुक आहे ते तिच्या थांबण्याचं. टॉप स्पीडचं काय, तो आपल्या रस्त्यांवर कागदावरच राहतो. २००८ ला यामाहाची आर१५ आली तेव्हाही पोरं पळण्याबद्दलच बोलत होती, पण दीडशे सीसीला खरी गंमत होती ती तिच्या डेल्टाबॉक्स फ्रेमची, म्हणजे भक्कम सांगाड्याची. वळणात मोठमोठ्या गाड्यांना ती लाजवायची. आता स्लिपर क्लच आलाय. उतारावर धडाधड दोन गिअर पाडले तरी मागचं चाक उड्या मारत नाही. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर मात्र मला चैनीचा वाटतो. क्लच दाबायला माझा हात अजून दुखत नाही. (आज दुखतोय, ते वेगळं.)

पंपावर नेहमीप्रमाणे पोऱ्याने विचारलं, “काका, अ‍ॅव्हरेज किती देते?” पंचवीस म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला.

संध्याकाळी माझा मित्र पक्या आला होता, त्याला वळणाचं सांगितलं. त्याचं ठरलेलं पालुपद: “मग तू काय केलंस? सगळं कॉम्प्युटरने केलं. मोटोजीपीच्या जागतिक शर्यतीतल्या गाड्यांना एबीएस नसतं, माहितीये ना?” माहितीये. २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर इटलीचा बेझेकी जिंकला ती मोटोजीपी शर्यत आम्ही दोघांनी मिळूनच टीव्हीवर पाहिली होती. पण त्याला म्हटलं, बेझेकीच्या वळणात कोणी दार उघडं टाकून धबधब्याचे फोटो काढत नव्हतं. यावर तो चहा संपवून म्हणाला, “पुढच्या रविवारी किल्ली दे, मग बोलू.”

देईन. आधी चेन धुवायची आहे, तिच्यात लाल चिखल बसलाय.