वर्गणीच्या यादीची शेल-स्क्रिप्ट, नोंद 3: एको काढून टाकला

इंदूरच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी टर्मिनलवर छापणारी स्क्रिप्ट आता उबुंटूच्या डॅशमध्ये, बॅशमध्ये आणि मॅकच्या झेडशेलमध्ये (हे तिन्ही शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारे प्रोग्राम) एकसारखी यादी देते. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना रोमनच.)

बिघाड छापल्या जाणाऱ्या पहिल्याच ओळीत होता. मथळ्याखाली रिकामी ओळ हवी म्हणून 'एको -ई' (एको ही मजकूर छापणारी आज्ञा, '-ई' म्हणजे बॅकस्लॅशची चिन्हं उलगड) आणि शेवटी \एन, म्हणजे नवी ओळ. बॅशमध्ये ठीक. तीच फाइल 'एसएच' (प्रणालीचा नेहमीचा शेल) लावून चालवली की मथळ्याच्या आधी '-ई' छापून येतं. असं चालवल्यावर वरच्या ओळीतलं बॅशचं नाव कुणी बघतच नाही, आणि उबुंटूत 2006 च्या 6.10 पासून एसएच म्हणजे डॅश. डॅशच्या एकोला '-एन' एवढाच पर्याय कळतो, '-ई' त्याच्या लेखी साधा मजकूर. मात्र \एन, \टी (टॅब) तो न सांगताच उलगडतो. झेडशेलही उलगडतं. बॅश आणि फिश (आणखी एक शेल) '-ई'शिवाय उलगडत नाहीत. हा युनिक्सच्या बीएसडी आणि सिस्टिम व्ही या शाखांमधला जुना फरक आहे. मजकुरात बॅकस्लॅश असेल तर काय व्हावं, हे पॉझिक्सनेही (युनिक्ससारख्या प्रणालींचं मानक) ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. म्हणून एकोला ठिगळं लावू नका, प्रिंटएफ (साच्याप्रमाणे छापणारी आज्ञा) वापरा.

नेहमीचा साचा: प्रिंटएफ '%एस\एन' "$नाव". %एसच्या जागी नाव येतं. नाव थेट साच्याच्या जागी कधीच नको. शेऱ्यात "50% बाकी" आलं की बॅश '50' छापतो आणि चुकीचं फॉरमॅट अक्षर म्हणून तिथेच थांबतो. एका साच्याला तीन नावं दिली तर तीन ओळी मिळतात, त्यामुळे लूप वाचतो.

रंगासाठी \ई (एस्केप चिन्ह) लिहू नका, पॉझिक्समध्ये ते नाही. \033 सगळीकडे चालतं: ठळक पिवळ्यासाठी \033[1;33एम, परतीला \033[0एम. हे साच्यातच लिहावं. %एसला दिलेल्या मजकुरातलं उलगडत नाही, तिथे %बी लागतं.

सर्वात जास्त वेळ रकान्यांनी खाल्ला. '%-18एस' (18 जागांचा, डावीकडे लागलेला रकाना) लिहूनही रक्कम खालीवर सरकत होती. बॅश आणि डॅश रुंदी बाइटमध्ये मोजतात, आणि यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, 3 बाइटचं. 'सराफा' 5 चिन्हांचा, म्हणजे 15 बाइट, पुढे 3 जागा सुटतात. 'राजवाडा' 7 चिन्हांचा, 21 बाइट. 18 च्या पुढे गेला, एकही जागा सुटत नाही आणि रक्कम नावाला चिकटते. रुंदी वाढवून उपयोग नाही, कारण पडद्यावर काना-मात्रा किती जागा घेतात ते टर्मिनलवर अवलंबून. चाललेला उपाय: साच्यात नावानंतर \033[20जी. यानं कर्सर थेट विसाव्या स्तंभावर जातो, आधी किती बाइट छापले याच्याशी संबंध नाही.

एक काळजी. यादी फाइलमध्ये वळवली की ही चिन्हंही फाइलीत जातात. म्हणून सुरुवातीला 'टेस्ट -टी 1' (आउटपुट टर्मिनलवर जातंय का) तपासून, टर्मिनल नसेल तर रंग रिकामा आणि स्तंभाऐवजी टॅब.

उरलेलं काम: बिझीबॉक्सच्या ॲशवर (छोट्या लिनक्स प्रणालींतला शेल) हीच स्क्रिप्ट चालवून बघायची.