निळा रंग

आमच्या विमानतळावर तिकीट काढून कुणी येत नाही. कधी मंत्र्यांचं हेलिकॉप्टर, कधी एखाद्या कारखानदाराचं छोटं विमान, मध्येच रुग्णाला न्यायला एअर अ‍ॅम्ब्युलन्स. एरवी दिवसभर घिरट्या घालतात ती फ्लाइंग स्कूलची विमानं. मी त्यांचा मेकॅनिक.

जुलै महिना होता. चार दिवस पावसानं झोडपून काढलं होतं. हँगरमध्ये जागा नव्हती, म्हणून एक सेसना १७२, म्हणजे शिकवणीचं छोटं विमान, एप्रनवरच, विमानं उभी करायच्या उघड्या जागेत, दोरांनी बांधून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली आणि सगळ्यांची एकच घाई उडाली. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास भरावे लागतात. कुणी शेत विकून, कुणी कर्ज काढून फी भरलेली. पावसात गेलेला एकेक दिवस या पोरांच्या जिवाला लागतो.

ते बाहेर भिजलेलं विमान एका मुलीच्या वाट्याला आलं. तिचं दुसरंच सोलो, म्हणजे एकटीनं करायचं उड्डाण. मी टूलबॉक्स घेऊन शेजारून चाललो होतो. पंखाखाली वाकून ती इंधनाचं सॅम्पल काढत होती. प्लॅस्टिकचा पारदर्शक कप तिनं आभाळाकडे धरला आणि मला म्हणाली, "क्लिअर आहे, दादा."

मी मान डोलावली आणि पुढे गेलो. चार पावलांवर पाय थबकले. क्लिअर? एव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळं असतं.

परत फिरलो. "जरा पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धर बरं." तिनं धरलं. निळ्याचा मागमूस नाही. नाकाशी नेलं, वास नाही. थोडं तळहातावर ओतलं. एव्हगॅस हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. हे मनगटापर्यंत ओघळलं आणि तसंच राहिलं.

नुसतं पाणी होतं.

मुलीची चूक म्हणावी, तर तिनं शिकवलं तसंच केलं होतं. पाणी इंधनापेक्षा जड, ते कपाच्या तळाशी बसतं आणि दोघांमध्ये एक रेघ दिसते. ती रेघ शोधायची, असंच सगळे सांगतात. पण कपात पाणीच पाणी असेल तर रेघ येणार कुठून? वर आभाळ ढगाळ. त्या उजेडात फिका निळा आणि बिनरंगी यांतला फरक सहज डोळ्यांतून सुटतो.

आम्ही एकामागून एक कप काढत गेलो. सातव्या कपात रेघ दिसली, वर निळं, खाली पाणी. तिनं ती पाहिली आणि पंखाला आधार देणाऱ्या दांडीला धरून उभी राहिली. काही बोलली नाही. टाकीत पाणी असलं, तरी इंजिनकडे जाणाऱ्या नळीत आधीचं चांगलं इंधन शिल्लक असतं. त्यावर इंजिन सुरू होतं, टॅक्सीही होते, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जातं. पाणी पोचतं ते पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर दिल्यावर, बहुधा चाकं सुटल्यानंतर. आमच्या धावपट्टीच्या टोकाला कपाशी आहे आणि तिच्या पलीकडे विजेच्या तारा.

शिडी लावून डाव्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाची रबरी रिंग उन्हानं कडक होऊन तडकली होती, नखानं दाबताच तुकडा पडला. एवढीशी गोष्ट, पण चार दिवसांचा पाऊस तिथूनच आत झिरपला. हे विमान माझ्या देखरेखीखालचं. मे महिन्यात ती रिंग मी बोटानं चाचपून पाहायला हवी होती. पाहिली नव्हती. मी तसं लेखी दिलं.

विमान उडवणं बंद केलं, दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या विमानांची झाकणं उघडली. आणखी दोन रिंगा तडकलेल्या निघाल्या.

२०२२ च्या सप्टेंबरपासून एव्हगॅस वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनू लागलं. त्याआधी ते परदेशातून यायचं, आणि तेव्हा आमच्यातले जुने मेकॅनिक प्रत्येक बॅरलचा रंग बघूनच हात लावायचे. नव्या मुलांना मात्र आम्ही रेघच शिकवत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कॅडेटना एप्रनवर बोलावलं आणि दोन कप शेजारी शेजारी धरले, एकात पाणी, एकात एव्हगॅस.

चार दिवसांनी ती मुलगी पुन्हा त्याच विमानापाशी आली. या विमानाला सॅम्पल काढायच्या १३ जागा आहेत. तिनं एकही सोडली नाही. दरवेळी कप पंखासमोर धरायची, वास घ्यायची, थेंब तळहातावर टाकून थांबायची. इन्स्ट्रक्टर घड्याळ बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.