लांबट देश, गोल देश आणि नदीत घुसलेला देश

भूगोलाच्या पुस्तकात देशांच्या आकारांचं ते वर्गीकरण असतं बघा, आटोपशीर देश, लांबट देश, तुकड्यातुकड्यांचा देश, पोटात दुसरा देश असलेला देश, आणि सोबत लिहिलेलं असतं की आटोपशीर देश चालवायला सोपा आणि लांबट देश अवघड. वाचताना पटतं. पण एकेक खरा देश घेऊन बसलं की सगळं गणित फिसकटतं.

चिली घ्या. उत्तर-दक्षिण लांबी 4,300 किमीच्या आसपास आणि सरासरी रुंदी जेमतेम 180 किमी, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने याचे दोन-तीन देश कधीच व्हायला हवे होते. पण झालंय उलटंच, तिथे सगळा कारभार राजधानीच्या मुठीत. प्रांतांचे प्रमुख कित्येक वर्षं राष्ट्राध्यक्षच नेमायचे, लोकांनी स्वतः मत देऊन गव्हर्नर निवडले ते थेट 2021 मध्ये! कारण फार अवघड नाहीये, साधारण 40 टक्के लोक सँटियागो आणि आजूबाजूलाच राहतात, सँटियागो पट्ट्याच्या मधल्या भागात आहे, त्याला टक्कर देईल असं दुसरं शहर नाही आणि वरपासून खालपर्यंत समुद्र आहेच ये-जा करायला. त्रास होतो तो शेपटाकडे. दक्षिण टोकाकडच्या पुंता अरेनास शहराला सलग रस्त्याने जायचं तर मध्ये अर्जेंटिना लागतंच, आणि 1978 मध्ये तिकडच्याच बीगल खाडीतल्या तीन बेटांवरून दोन्ही देश युद्ध करता करता राहिले, मग पोप मध्ये पडले आणि 1984 मध्ये करार झाला.

आता काँगो बघा. या नावाचे दोन देश शेजारी शेजारी आहेत, त्यातला किन्शासा राजधानी असलेला. नकाशात बऱ्यापैकी गोल, भरीव, पुस्तकाला आवडेल असा. पण राजधानी पार पश्चिमेला कोपऱ्यात, नदीच्या पलीकडे लगेच दुसऱ्या काँगोची राजधानी दिसते इतकी कडेला, आणि खनिजांनी भरलेला पूर्व भाग तिथून 1,500 किमी लांब, मध्ये जंगल आणि धड रस्ता नाही. त्यामुळे गोमासारखं शहर किन्शासापेक्षा रवांडाच्या जास्त जवळ, जवळ म्हणजे अगदी बॉर्डरला खेटून. 1996 मध्ये लोराँ काबिलांचं बंड पूर्वेकडूनच उठलं, पाठीशी रवांडा आणि युगांडा, आणि मे 1997 मध्ये ते किन्शासात पोचले. 2025 च्या जानेवारीत एम23 या बंडखोर गटाने गोमा घेतलं तेव्हाही किन्शासाला फारसं काही करता आलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की बाहेरची रेघ कशी दिसते यापेक्षा राजधानी कुठे बसलीये आणि तिथून टोकापर्यंत जाणारा रस्ता कुणाच्या हातात आहे हे आधी बघावं.

रस्ता दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं ते लेसोथोला विचारा, चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका. जानेवारी 1986 मध्ये दक्षिण आफ्रिकेने नाकेबंदी केली आणि तीन आठवड्यांच्या आत तिथलं सरकार लष्कराने उलथवलं.

पण माझं सगळ्यात आवडतं (हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो) उदाहरण म्हणजे गाम्बिया. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या पोटात घुसलेली एक नदी आणि तिचे दोन काठ, एवढाच देश, रुंदी कुठेच 50 किमीच्या वर जात नाही. ब्रिटिश गनबोटीच्या तोफेचा गोळा जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत हद्द आखली असा एक किस्सा सगळे सांगतात, मजेशीर आहे पण हद्द ठरली ती 1889 मध्ये पॅरिसला कागदावर, नदीपासून दोन्हीकडे साधारण 10 किमी. ब्रिटिशांना नदी हवी होती, आजूबाजूचं फ्रेंचांकडे गेलं. यात दक्षिणेकडचा कासामांस भाग उरलेल्या सेनेगलपासून जवळजवळ तुटला. तिथल्या लोकांना राजधानी डाकारला जायचं तर एक तर परदेशातून जा, बॉर्डर दोनदा ओलांडा, मध्ये नदीवर फेरीसाठी ट्रकांच्या रांगेत थांबा, नाहीतर पूर्वेकडून भलामोठा वळसा घाला. 1982 च्या डिसेंबरपासून तिथे वेगळं व्हायची चळवळ पेटली, कारणं जमिनीची, भाषेची, डाकारहून येणाऱ्या अधिकाऱ्यांचीही होती, सगळं नकाशावर ढकलता येणार नाही, पण आपण डाकारचे नाहीच ही भावना वाढायला त्या रेघेने मदत केलीच.

तिसरा मार्ग समुद्राचा. 26 सप्टेंबर 2002 ला कासामांसमधल्या झिगिंशोरहून डाकारला निघालेलं ल जोला हे सरकारी जहाज गाम्बियाच्या किनाऱ्याजवळ उलटलं, क्षमता 580 च्या आसपास आणि मेलेली माणसं 1,800 हून जास्त. वादळ होतं, जहाजाची देखभाल नीट नव्हती, सगळं खरं, पण इतकी माणसं त्या जहाजात कोंबली का गेली याचं उत्तर शोधताना नकाशा बघावाच लागतो.

दोन्ही देश एक करायचा प्रयत्नही झाला, 1982 मध्ये सेनेगाम्बिया नावाचं महासंघ काढलं, 1989 मध्ये मोडलं. छोट्याला गिळलं जायची भीती, मोठ्याला वाटायचं हा मुद्दाम वेळ काढतोय. मग 2016 मध्ये गाम्बियाने सेनेगलच्या ट्रकांची फी एकदम वाढवली, ट्रकवाल्यांनी बॉर्डरच बंद पाडली काही महिने, आणि जानेवारी 2017 मध्ये गाम्बियाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह निवडणूक हरूनही खुर्ची सोडेनात तेव्हा शेजारी देशांचं सैन्य घुसलं, त्यात सेनेगलचं मोठं, तीन बाजूंनी वेढलेल्या देशात घुसायला वेळ तो किती लागणार.

नदीवर पूल झाला जानेवारी 2019 मध्ये, कित्येक दशकं नुसतीच चर्चा झाल्यावर. आता फेरीची रांग गेली, पण पूल गाम्बियाच्या हद्दीत, त्यामुळे सेनेगलचा ट्रक सेनेगलमधून सेनेगलमध्येच जाताना टोल भरतो गाम्बियाला.