सेल्फ उचलत नाही, चार्जिंग पुरत नाही: ३५० सीसीच्या कामाची नोंद

गाडी म्हणजे ३५० सीसी सिंगल-सिलिंडर मोटरसायकल, कार्ब्युरेटरवाली, किक आणि सेल्फ दोन्ही. बॅटरी १२ व्होल्ट १४ एएच (अँपिअर-तास), सीलबंद. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या पट्ट्यात तीन पावसाळे फिरलेली आणि गेल्या उन्हाळ्यात चेसिसला पावडर कोटिंग झालेली. कोटिंगचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तक्रार अशी: सकाळी सेल्फ दाबला की एकदा घुरघुरतो, मग नुसती टकटक. किकला मात्र दुसऱ्या फटक्यात चालू. वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्यात. दोन्ही वेळा पंधरा दिवस बरं, मग परत तेच.

बेळगावात पार्टच्या दुकानात कानडीत मागा की मराठीत, सेल्फ, रिले, कपलर, कटआऊट हेच शब्द चालतात, म्हणून इथेही तेच. रिले म्हणजे बारीक करंटवर चालून जाड करंट जोडणारा स्विच, कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड. कटआऊट म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलचा एसी डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा.

पहिला रविवार: बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीत १२.२९ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या थोडी वर. अशा बॅटरीवर पुढचं काहीही मोजू नये, आकडे फसवतात. बाहेर काढून १.४ अँपिअरवर, म्हणजे एएचच्या दहाव्या हिश्श्यावर, चार्ज केली आणि १२ तास नुसती ठेवली. चार्जर काढल्या काढल्या १३ च्या वर दिसतं, तो नुसता फुगवटा असतो. १२ तासांनी १२.७४. बॅटरी चांगली. इथे १०.५ च्या आसपास आकडा आला असता तर एक सेल गेला असं समजून थेट नवी घ्यायची.

दुसरा रविवार: सेल्फ

इंजिन चालू न होता सेल्फ फिरायला हवा. त्यासाठी प्लगची कॅप काढून तिच्यात जुना प्लग घातला आणि तो सिलिंडर हेडला घट्ट टेकवला. कॅप मोकळी सोडून सेल्फ मारू नका, ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर इग्निशन कॉइलवर ताण येतो. एका वेळी ४-५ सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट विश्रांती.

सेल्फ फिरताना बॅटरीच्या टोकांवर ११.२ व्होल्ट. बहुतेक जण इथेच खूश होऊन मीटर ठेवून देतात आणि सेल्फ मोटर उघडतात. पण जरा थांबा. थकलेली बॅटरी असती तर आकडा ९.६ च्या खाली घसरला असता. इथे बॅटरी ताठ उभी आहे आणि मोटर मात्र रडतेय. म्हणजे बॅटरीकडून पुरेसा करंट ओढलाच जात नाही. विहिरीला पाणी भरपूर, पाइप मध्येच कुठेतरी चेमटलाय.

मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, सेल्फ दाबून एकेक टप्पा मोजला. मोटरचा बोल्ट ते मोटरची बॉडी: ८.१. म्हणजे वाटेत ३.१ व्होल्ट गळतात. बॅटरीचा प्लस ते मोटरचा बोल्ट: ०.६, त्यातले ०.३५ एकट्या सेल्फ रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये. बॅटरीचा मायनस ते इंजिनची केसिंग: २.५. प्लस बाजूला ०.५ पर्यंत चालून जातं, मायनस बाजूला ०.२ पुरे. मीटरची टोकं शिशाच्या खांबालाच लावायची, क्लॅम्पच्या नटाला लावली तर खांब आणि क्लॅम्पमधला गंज हिशेबातून सुटतो.

२.५ कुठे गेले ते स्पॅनर लावल्यावर दिसलं. मायनसची केबल चेसिसच्या पट्टीला बसवलेली आणि पट्टीवर पावडर कोटिंगचा काळा चकचकीत थर जसाच्या तसा. थिंबलच्या (केबलच्या टोकाच्या कडीच्या) खाली रंगाला फक्त दोन ठिकाणी ओरखडे होते, मोटरचा सगळा करंट त्या दोन ओरखड्यांतून जात होता. इंजिनच्या माउंटिंग पट्ट्यांचीही तीच गत.

गंमत म्हणजे मीटरच्या बझरवर (वायर जोडलेली असेल तर वाजणारी सेटिंग) ही अर्थ, म्हणजे मायनसची जोडणी, एकदम पास होते. मोटर ८० अँपिअर ओढतेय असं धरलं तर २.५ व्होल्ट गळायला ०.०३ ओहम पुरेत, आणि मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ असतो. म्हणजे बझर वाजला तरी सेल्फच्या जाड वायरींबद्दल काहीच कळत नाही. ओझं टाकूनच मोजायचं.

दुरुस्ती: १६ स्क्वेअर एमएमची नवी केबल, दोन्ही टोकांना तांब्याचे थिंबल दाबून बसवलेले, केबल थेट क्रँककेसच्या बोल्टला. चेसिससाठी वेगळी बारीक वायर, पट्टी घासून उघडी केली आणि दातेरी वॉशर टाकला. पेट्रोलियम जेली आवळल्यानंतर वरून. रिले नवीन. आता सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.४, मोटरवर ९.८. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा कमी आहे आणि तेच बरोबर आहे, मोटर आता पोटभर खातेय.

तिसरा रविवार: चार्जिंग

३००० आरपीएमला, हेडलाइट बंद ठेवून १२.९. हेडलाइट लावल्यावर १२.४. असायला हवेत १३.८ ते १४.५. (१ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइट बंद करता येत नाही, त्यांनी एकच आकडा घ्यावा. १५ च्या वर गेला तर कटआऊट मेला, बॅटरी उकळायच्या आत बदला.)

मॅग्नेट कॉइलच्या (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडवला. दोन-दोन वायरींमध्ये ०.४ ओहम (मीटरच्या वायरींचे वजा करून), तिन्ही जोड्या सारख्या. प्रत्येक पिवळी ते बॉडी: ओएल (मीटरच्या मापाबाहेर), म्हणजे कॉइल कुठेही बॉडीला टेकलेली नाही. इंजिन चालू करून ३००० ला एसी: ३८, ३८, ३९. कॉइल ठणठणीत. सरळ हिशेबाने आता दोष कटआऊटवर जातो, आणि बहुतेक ठिकाणी तो बदललाही जातो.

पण ही सगळी मोजणी कपलर सोडवून झाली. म्हणजे खुद्द कपलर तपासलाच गेला नाही. परत जोडला, हेडलाइट लावला, कपलरच्या मागून बारीक पिन घुसवून प्रत्येक पिवळ्या वायरीवर अलीकडे-पलीकडे एसी मोजला. दोन वायरींवर ०.१ च्या आत, तिसरीवर ४ व्होल्टच्या वर. सोडवून उजेडात धरला तर तिसऱ्या पिनची पितळी जीभ तपकिरी, भोवतीचं पांढरं प्लास्टिक टॉफीसारखं ओघळलेलं. वायर वाकवली तर इन्सुलेशन कडकड मोडतं, आत तांबं काळं. खाचेत तांबडी माती, ती कणकुंबीकडची खूण.

हे का जळतं? या गाडीचा कटआऊट शंट जातीचा आहे. बॅटरी भरली की जादा करंट तो थांबवत नाही, कॉइलला शॉर्ट करून परत फिरवतो. त्यामुळे दिवे बंद असोत की चालू, पिवळ्या वायरींतून करंट सतत धावतो. म्हणून एलईडी बल्ब टाकून कॉइलला आराम मिळतो हा समजही इथे चुकीचा, आराम फक्त बॅटरीला. आता पिन जरा सैल झाली, पाणी शिरलं की तापते, तापली की स्प्रिंग आणखी ढिली होते. एक फेज, म्हणजे तीनपैकी एक पिवळी वायर, गेली तर चार्जिंग पूर्ण बंद पडत नाही, निम्म्यावर येतं, म्हणून महिनोन् महिने लक्षात येत नाही. नवी बॅटरी पंधरा दिवस का टिकत होती ते इथे कळलं.

जळकी वायर चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे कापली, साडेतीन इंच गेली. नवा कपलर, ६.३ एमएम पिना, क्रिम्प करून (दाबून बसवून). नुसतं सोल्डर नको, व्हायब्रेशनने सोल्डरच्या काठाशी वायर तुटते. तिन्ही पिवळ्या वायरींचा क्रम कसाही चालतो. कपलर सीटखाली पाणी न साचेल अशा जागी, तोंड खाली. आता ३००० ला १४.२, हेडलाइटसह १३.७. कटआऊट जुनाच.

किरकोळ: चावी बंद असताना मायनस वायरीत मीटर (१० अँपिअरच्या भोकात) घातला तर ३१ मिलीअँपिअर. हँडलवरचा मोबाइल चार्जर थेट बॅटरीला जोडलेला. १४ एएचच्या हिशेबाने १९ दिवसांत बॅटरी रिकामी, सेल्फ त्याच्या बराच आधी बसणार. रिलेवरून चावीला जोडला, आता १ च्या आत. मीटर असा लावलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

सेल्फ मोटर अजून उघडलेली नाही. ९.८ व्होल्टवर आवाज स्वच्छ आहे, पण तीन पावसाळ्यांनंतर कार्बन आणि कम्युटेटर बघायचेत, ओ-रिंग आणून ठेवलीय.