आमची वाटचाल : कुजलेले खांब आणि आमचा धंदा

आमच्या कोकणात जुन्या घराचा खांब बहुतेक वेळा बुडातच जातो. वर हस्त, तुळई, कडीपाट सगळं ठणठणीत आणि तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, टेकलेला वीतभर भाग भुसभुशीत. जोत्यावर उडालेलं पाणी लाकडाचं बूड वर ओढून घेतं, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ते सुकायला सवडच मिळत नाही. पूर्वी याला एकच उपाय होता. टेकू द्यायचा, खांब काढायचा, नवा घालायचा. पण ऐन किंवा किंजळाचा तसा जुना, भरीव खांब आज आणणार कुठून? फक्त वीतभर कुजलंय म्हणून दहा फुटांचा खांब चुलीत घालायचा, हे माझ्या वडिलांना कधी पटलं नाही. ते सुतार, आजोबाही सुतार.

म्हणून २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखात आम्ही खांब न काढता त्याच्या कुजक्या भागात रेझिन, म्हणजे आत मुरून घट्ट होणारं रसायन, भरून तो वाचवायचं काम सुरू केलं. आम्ही म्हणजे मी आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा माझा मित्र. तो मच्छीमारांच्या होड्यांना फायबरचं अस्तर लावायचा. मला लाकूड कळायचं, त्याला रेझिन. होडीवरचं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही, सुकताना आकसतं आणि पापुद्र्यासारखं सुटून येतं, हे त्यानेच मला पहिल्या दिवशी सांगितलं. खांबाला इपॉक्सी जातीचं पातळ रेझिनच हवं, महाग पडलं तरी. पुढे तो दुबईला बोटींच्या यार्डात गेला, पण आजही रेझिन घट्ट करणारा नवीन हार्डनर आणला की मी आधी त्याला फोन करतो.

कामाची पद्धत त्यानंतर फारशी बदललेली नाही. पहिलं हत्यार दाभण. चांगल्या लाकडात ते टोकापुरतं रुततं, कुजक्यात मुठीपर्यंत जातं. दाभण चारी बाजूंनी टोचून, जिथे हात अडतो तिथे खडूने रेघ मारायची. मग मॉइश्चर मीटर. १५ टक्क्यांच्या वर आकडा आला तर रेझिनचा डबा उघडायचाच नाही. खांबाभोवतीची फरशी उकरायची, वारा खेळू द्यायचा, वाट बघायची. सुकल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारायचं, पुन्हा सुकवायचं. त्यानंतर ६ मिलिमीटरची भोकं, तिरपी, वरून खाली उतरणारी, एकाखाली एक न येतील अशी. बाहेरच्या भेगा शाडूने लिंपायच्या, नाहीतर रेझिन सगळं जोत्यावर वाहून जातं. शाडू आम्ही गणपतीच्या शाळेतून आणतो. रेझिन भरायला गुरांच्या डॉक्टरांकडची जाड सुई आणि मोठी सिरिंज. त्याहून चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. वरच्या भोकातून भरत राहायचं. लाकूड पितं, थांबतं, पुन्हा पितं. खालच्या भोकातून रेझिन डोकावलं की ते भोक बंद करून वर सरकायचं.

रेझिन आणि हार्डनर मिसळताना वजनकाटा हवा, अंदाज नको. आणि मिसळलेला माल मगात ठेवायचा नाही, पसरट ट्रेमध्ये ओतायचा. मगभर रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि हातातच दगड होतं. हवा १० अंशांनी तापली की हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात आम्ही सकाळी लवकरच हे काम उरकतो. खड्डा मोठा असेल तर त्याच रेझिनमध्ये रंध्याचा बारीक भुसा कालवून भरायचा, आणि घट्ट झाल्यावर कानस, मग पॉलिश पेपर. शेवटी वरून रंग, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ते पांढुरकं पडतं.

पहिली वर्षं बरी गेली. चौकटी, खिडक्या, ओटीचे खांब, काही घरांच्या माड्या. त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते २०११ सालाबद्दल. तालुक्यातल्या एका देवळाच्या लाकडी सभामंडपाचं काम निघालं. आम्ही जाऊन सगळे खांब टोचून पाहिले. निम्मे बुडातून गेलेले, आतून ओलेचिंब. आम्ही सांगितलं, आधी कौलं आणि पागोळीचं पाणी नीट करा, पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर जॅक लावून छताचा भार उचलू आणि काम करू. दर दिला तो प्रामाणिक होता. कमिटीला मात्र गणपतीपूर्वी रंगवलेला मंडप हवा होता. तेव्हाच शहरातून एक ठेकेदार आला. हा गृहस्थ आदल्या वर्षी आमच्या वर्कशॉपवर येऊन चहा पिऊन गेला होता, फोटो काढून गेला होता, आणि आमचा एक चांगला हाताखालचा मुलगा जास्त पगार देऊन घेऊन गेला होता. त्याने आमच्या निम्म्या दरात काम घेतलं आणि भर आषाढात ओल्या खांबांना चारी बाजूंनी रेझिन चोपडलं. वरून चकचकीत ऑइल पेंट. उद्घाटनाला पेढे वाटले.

आत पाणी कोंडल्यावर काय होणार? लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशी जागी होते, आणि तिथे तर बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात खांब ढोलासारखे वाजायला लागले. तिसऱ्या वर्षी एक खांब खचला आणि तुळई खाली आली. सुदैवाने मंडपात कोणी नव्हतं.

ठेकेदार शहरात निघून गेला होता. तालुक्यात रेझिनवाले म्हणून लोकांना ठाऊक होतो ते आम्ही. "औषध मारून देवाचे खांब कुजवले" हे बोल बाजारात माझ्या तोंडावर ऐकले मी. ठरलेली कामं रद्द झाली, लोक आगाऊ दिलेले पैसे परत मागायला आले. आम्ही दिले, एकाचेही ठेवले नाहीत. मस्जिद बंदरहून आणलेला माल तसाच पडून, पतसंस्थेचा हप्ता थकलेला, बायकोच्या पाटल्या तिथेच गहाण. कमिटीतल्या एका माणसाने जरी चारचौघांत सांगितलं असतं की हे काम यांचं नव्हे, तरी पुरे होतं. कोणी तोंड उघडलं नाही.

उघडलं ते एका आजींनी. त्यांच्या ओटीचे दोन खांब हे आमचं अगदी सुरुवातीचं काम. वाडीतल्या एका हळदीकुंकवाला हा विषय निघाला तेव्हा त्यांनी आम्हाला नावं ठेवणाऱ्या बायकांना ओटीवर नेलं, आतून गोधडीचं दाभण आणलं आणि म्हणाल्या, "टोचा. जेवढं जाईल तेवढं घाला." दाभण टोकाच्या पुढे गेलं नाही. नंतर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माडीच्या सगळ्या खिडक्यांचं काम दिलं. "आजी, एवढ्यात गरज नाही," म्हटलं तर म्हणाल्या, "गरज तुला आहे. गप काम कर." त्या वर्षी आमचं वर्कशॉप उघडं राहिलं ते त्या खिडक्यांवर. पुढे त्यांची सून आणि मुंबईची लेक यांनी तोंडोतोंडी इतकी कामं पाठवली की पाटल्या सुटल्या.

मग देवळाची कमिटीही आली. पहिल्या खांबाला गिरमिट लावलं तर भोकातून काळं पाणी ओघळलं. ते मी सगळ्या पंचांना उभं करून दाखवलं. सहा महिने खांब उघडे ठेवून सुकवले. जे वाचण्यासारखे होते ते रेझिनने वाचवले. दोन आरपार गेलेले होते. तिथे कुजका भाग कापून किंजळाचा नवा तुकडा सांध्यात बसवला, कारण भार पेलायला लाकूडच लागतं, नुसत्या रेझिनवर छत टेकवू नये. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, मग काम हातचं गेलं तरी चालेल.

कोणी विचारलेलं नाही, तरी घर असलेल्या प्रत्येकाला सांगतो. ओटीला टाइल्स बसवाल तेव्हा खांबाच्या बुडाभोवती सिमेंट ओतू नका. बोटभर फट ठेवा. तळखडा फरशीच्या वर दिसला पाहिजे, तो आपल्या पूर्वजांनी उगाच उंच ठेवलेला नव्हता. कौल फुटलं तर त्याच आठवड्यात बदला. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती नुसती झाडून टाकू नका, कुठून आली ते शोधा. आणि आषाढात खांब सील करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आज मुलगा माझ्याबरोबर आहे. मीटर तो बघतो, दाभण अजून माझ्याच हातात असतं. दिवाळी ते मे एवढाच आमचा हंगाम, आणि यंदाचा मार्चपर्यंत भरलेला आहे. त्या देवळाच्या सभामंडपात जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर त्या ठेकेदाराचं नाव आजही तसंच आहे. आमचं घाला असं मी कमिटीला म्हटलेलं नाही, पण त्याचं काढा असं दर वर्षी उत्सवाला जाऊन सांगतो, आणि यंदाही सांगणार आहे.