कॅमेरा बदलू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, पॉकेट विकून टाकू का? इमेज फार व्हिडिओसारखी दिसते." शॉर्ट फिल्म करणारी मुलंमुली माझ्याकडे ग्रेडिंगला, म्हणजे फिल्मचे रंग आणि उजेड जुळवून घ्यायला आली की हा प्रश्न निघतोच. पॉकेट म्हणजे ब्लॅकमॅजिक कंपनीचा 2013 सालचा पहिला पॉकेट सिनेमा कॅमेरा. तेव्हा त्याची किंमत 995 डॉलर होती, आणि एवढ्या पैशांत रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, शूट करता येणं ही फार मोठी गोष्ट होती. आज तो सेकंडहँड मिळतो, म्हणून पहिली फिल्म करणाऱ्यांच्या हातात अजूनही दिसतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: विकायचा तर खुशाल विका, पण त्याआधी कार्डावरचं रॉ एकदा नीट डेव्हलप करून बघा. ज्या इमेजवर तुम्ही नाराज आहात, ती बिघडण्यात सॉफ्टवेअरच्या डिफॉल्ट सेटिंगचा हात कॅमेऱ्यापेक्षा मोठा असू शकतो.

रॉ फाइलमध्ये तयार चित्र नसतं, मोजमापं असतात. सेन्सरवरच्या प्रत्येक जागेवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला असतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट 1976 मध्ये मिळालं, आणि आजही बहुतेक सिनेमा कॅमेरे तिच्यावरच चालतात. दोन बाय दोनच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. पॉकेटच्या 1920 बाय 1080 च्या फ्रेममध्ये अशा 20,73,600 जागा होतात. त्यातल्या 10,36,800 ठिकाणी फक्त हिरवा मोजला जातो. लाल आणि निळ्याच्या वाट्याला प्रत्येकी 5,18,400. पडद्यावर मात्र प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग लागतात. म्हणजे आपण जे बघतो त्यातले दोन तृतीयांश आकडे सेन्सरने मोजलेलेच नसतात, शेजारच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअरने काढलेले असतात. याला डीबायरिंग म्हणतात. लेन्स कुठली यावर आपण रात्र रात्र बोलतो, आणि फ्रेमचा दोन तृतीयांश भाग ज्याने भरला ते गणित कुठलं, हे कुणी विचारतसुद्धा नाही. मला हे फार लागतं.

एक शॉट सांगते. आजी दारात उभी आहे, अंगावर जरीकाठाची नऊवारी, बाजूने सकाळचं ऊन. साध्या डीबायरिंगने काढलेली फ्रेम दुप्पट मोठी करून बघितली तर काठाची तिरकी रेघ दातेरी दिसत होती, आणि जरीवर निळे-नारिंगी ठिपके एकाआड एक उमटले होते. साडीवर तसलं काही नव्हतं. साधं गणित सगळ्या बाजूंच्या शेजाऱ्यांची सरासरी घेतं. त्यात रेघेच्या अलीकडचा उजेड आणि पलीकडची सावली एकत्र होतात आणि खोटा रंग जन्माला येतो. चांगलं गणित आधी रेघ कुठल्या दिशेने चालली आहे ते ओळखतं आणि त्या दिशेचेच शेजारी विचारात घेतं.

पॉकेटचं सिनेमा-डीएनजी हे रॉ फॉरमॅट म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल. त्यामुळे हा फरक घरी बघणं सोपं आहे. एक फ्रेम रॉथेरपीमध्ये उघडा. सॉफ्टवेअर फुकट आहे. डीबायरिंगच्या यादीत अमेझ निवडा, मग एलएमएमएसई, आणि दोन्ही वेळा तोच कोपरा बघा. भरपूर उजेडातल्या, कमी नॉइजच्या (दाणेदारपणाच्या) शॉटला अमेझ बारीकसारीक तपशील फार सुरेख काढतं. रात्रीच्या शॉटमध्ये मात्र त्याला नॉइजमध्येच रेघा दिसायला लागतात आणि अंधारात चक्रव्यूहासारखी नक्षी उमटते. तिथे एलएमएमएसई बरं. सगळ्या फिल्मला हे करायची गरज नाही. रोजचं काम डाविंची रिझॉल्व्ह या एडिट-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच करा. ज्या दोन-चार शॉट्समध्ये कापड, जाळी, केस किंवा अक्षरं खटकतात तेवढेच बाहेर काढा. तसे काढताना एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं ऑटो बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक फ्रेमचा वेगळा हिशोब होतो आणि शॉट लुकलुकतो.

रिझॉल्व्हमध्येच राहणार असाल तरी दोन गोष्टी तपासा. कॅमेरा रॉ सेटिंगमध्ये डीकोड क्वालिटी फुल आहे का? लॅपटॉप अडखळतो म्हणून एडिटच्या वेळी ती हाफ किंवा क्वार्टर केलेली असते आणि तशीच राहून जाते. आणि एक्स्पोर्टच्या पानावर डीबायर सर्वोच्च दर्जाला नेणारी खूण आहे, ती लावा. निम्म्या रिझोल्युशनचं डीबायरिंग ताणून मोठं केलेली फिल्म फेस्टिव्हलला गेली, की लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

पण सगळ्यात जास्त नुकसान मी अंधाऱ्या भागांत होताना बघते, आणि त्याचं कारण फार कमी जणांना माहीत असतं. सेन्सरवर अजिबात उजेड पडला नाही तरी आकडा शून्य येत नाही. मुद्दामच थोडा वर ठेवलेला असतो. त्याला ब्लॅक लेव्हल म्हणतात, आणि बाकी सगळं करण्याआधी ती वजा करावी लागते. समजा ती 256 आहे आणि सॉफ्टवेअरने 250 च वजा केली. तिन्ही रंगांत 6 उरले. हे 6 डोळ्याला कळणारही नाहीत. पण पुढची पायरी व्हाइट बॅलन्सची. उन्हात सेन्सरला हिरवा सगळ्यात जास्त मिळतो, म्हणून लाल आणि निळा गुणून वर आणतात. लाल दुप्पट केला, निळा दीडपट, तर हिरवा 6 वरच राहिला, लाल 12 झाला आणि निळा 9. सावलीवर जांभळट गुलाबी झाक आली. उलट 262 वजा केले असते तर सावली हिरवट झाली असती. मुलं मग सावल्यांचा रंग बदलणाऱ्या शॅडोच्या व्हीलवर तासन् तास हिरवा घालत बसतात आणि मिडटोन (मधल्या उजेडाचे भाग) बिघडवतात, कारण चूक वजाबाकीत आहे आणि दुरुस्ती गुणाकारानंतर चालली आहे.

सेन्सर तापला की ही पातळी सरकते. भर दुपारी सलग शूट केलेले शेवटचे टेक म्हणूनच पहिल्या टेकशी जुळत नाहीत. उपाय साधा आहे: लेन्सला टोपी लावून काही सेकंद त्याच आयएसओवर, त्याच शटरवर रेकॉर्ड करा. सकाळी एकदा, कॅमेरा तापल्यावर एकदा. त्या फ्रेम्सची सरासरी काढली की कुठल्या उभ्या पट्टीचा काळा किती वर आहे हे नेमकं कळतं आणि फुटेजमधून तेवढंच वजा करता येतं. अंधारात दिसणारे उभे पट्टे याने जातात; नॉइज रिडक्शनने जात नाहीत, कारण ते प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी असतात. रेड या कंपनीच्या सिनेमा कॅमेऱ्यांमध्ये हेच काम ब्लॅक शेडिंग नावाने कॅमेऱ्यातच करता येतं आणि चांगले कॅमेरा असिस्टंट ते नेमाने करतात.

आता समईच्या उजेडातला देवघराचा शॉट घ्या. हा शॉट आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या फिल्ममध्ये असतो, आणि तो असावाच, इतका देखणा उजेड दुसरा नाही. त्या ज्योतीचं कलर टेम्परेचर साधारण 1900 केल्व्हिन. म्हणजे निळा जवळजवळ नाहीच. व्हाइट बॅलन्स जितका पांढऱ्याकडे न्याल तितका निळा चॅनल गुणला जातो, आणि त्या चॅनलमध्ये मुळात नॉइजच भरलेली असते. शिवाय ब्लॅक लेव्हल वजा केल्यावर काही आकडे शून्याखाली जातात. नॉइज दोन्ही बाजूंना झुकते, त्यामुळे हे व्हायचंच. बरीच सॉफ्टवेअर्स हे उणे आकडे शून्यावर छाटतात. मग खालची बाजू गेली, वरची राहिली आणि सरासरी वर सरकली. पुन्हा तीच गुलाबी सावली! म्हणून नॉइज आधी काढावी, उणे आकडे शाबूत असताना, आणि छाटणी शेवटी. तसं सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर निदान हे करा: व्हाइट बॅलन्स 3200 च्या खाली ओढू नका, समईला समईसारखी पिवळी राहू द्या, आणि नॉइज रिडक्शन पहिल्या नोडवर (ग्रेडिंगच्या पहिल्या पायरीवर) लावा. आगेमागेच्या फ्रेम्स बघून काम करणारं टेम्पोरल रिडक्शन रिझॉल्व्हच्या पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. माझ्या मते नवीन कॅमेऱ्याच्या आधी खर्च करायचा तर तो तिथे.

हायलाइटचं, म्हणजे अतिउजळ भागांचं दुखणं याच गुणाकाराचं दुसरं टोक आहे. खिडकीबाहेरचं आकाश क्लिप होतं, म्हणजे सेन्सरला मोजता येईल त्यापलीकडे उजळतं, तेव्हा आधी हिरवा भरतो. लाल-निळ्यात अजून जागा असते, मग ते गुणले जातात आणि पांढरं आकाश गुलाबी होतं. रिझॉल्व्हमधलं हायलाइट रिकव्हरी उरलेल्या चॅनलवरून हरवलेला हिरवा बांधतं. ढगांना ते छान बसतं. कपाळावरच्या चकाकीला बसत नाही, तिथे त्वचा राखाडी पडते. तेव्हा शॉट बघून लावा.

रंगांबद्दल एक आग्रह. सेन्सरचे लाल-हिरवा-निळा म्हणजे आपल्या डोळ्यांचे नव्हेत; मधे नऊ आकड्यांचं एक मॅट्रिक्स बसवून ते जुळवलेले असतात, आणि ती जुळणी नेहमी तडजोडीची असते. कंपनीने ठरवलेली तडजोड आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांना, हळदीच्या पिवळ्याला आणि कुंकवाच्या लालला न्याय देईलच असं नाही. शूटवर लाइट बदलला की 24 चौकोनांचा कलर चार्ट एकदा फ्रेममध्ये धरा. दहा सेकंद लागतात, आणि माझं निम्मं अंदाजपंचे काम वाचतं. हळदीच्या किंवा वरातीच्या सीनमध्ये निळे-जांभळे एलईडी असतील तर एसीईएस या रंगव्यवस्थेच्या 1.3 आवृत्तीपासून मिळणारं, अतिभडक रंग आवरणारं गॅमट कॉम्प्रेशन वापरा. चेहऱ्यावर निळ्या रंगाचा जो सपाट डाग पडतो तो त्याने बराचसा वितळतो.

हे सगळं कॅमेरा विकत घेऊन झाल्यावर कसं सुधारतं? फिल्मची निगेटिव्ह लॅबमध्ये एकदाच डेव्हलप होते. बिघडली की बिघडली. रॉ कितीही वेळा डेव्हलप करता येतं, आणि गणित वर्षागणिक सुधारत असतं. रेडने 2017 मध्ये आयपीपीटू ही नवी इमेज प्रक्रिया आणली तेव्हा ती त्याआधी शूट झालेल्या फाइलींनाही लावता आली. हायलाइट मऊ उतरू लागले, भडक रंग सांभाळले जाऊ लागले. अ‍ॅरी या कॅमेरा कंपनीने 2022 मध्ये अ‍ॅलेक्सा 35 या कॅमेऱ्याबरोबर रिव्हील ही इमेज प्रक्रिया आणली, त्यात डीबायरिंगही नवं होतं, आणि आधीच्या लार्ज फॉरमॅट अ‍ॅलेक्सांच्या अ‍ॅरीरॉ फाइलींनाही त्याचा फायदा मिळाला. सेन्सर तोच, फाइल तीच, चित्र जास्त चांगलं. ज्यांनी मूळ रॉ जपून ठेवलं होतं त्यांनाच हे मिळालं, हे मात्र ध्यानात घ्या.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काही गोष्टींना इलाज नाही. पॉकेटमध्ये ऑप्टिकल लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील सेन्सरआधी किंचित मऊ करणारी काच) नाही. कौलांवर, जाळीवर, बारीक चौकड्याच्या शर्टवर जो मॉरे (लहरींची खोटी नक्षी) येतो तो सेन्सरवरच घडतो, डीबायरिंगने थोडा दबतो एवढंच. उजेड कमी करणारा जाड एनडी फिल्टर लावल्यावर काळं सिंथेटिक कापड तपकिरी दिसतं ते इन्फ्रारेडमुळे. त्यासाठी आयआर रोखणारा एनडीच लागतो. तिन्ही चॅनल क्लिप झाले की तिथे काही नाही. फोकस गेला की गेला. आणि 4के मधून 2के ला उतरवताना चार पिक्सेलचा एक होतो, नॉइज निम्म्यावर येते, रंगाचा तपशील खराखुरा मिळतो. मुळात 1080 चाच असलेल्या सेन्सरला हे जमणार नाही. तुमची अडचण यांतली असेल तर कॅमेरा बदला, मी नको म्हणणार नाही.

तोपर्यंत ग्रेडिंगला येताना रॉचं प्रोरेस (आधीच डेव्हलप केलेला व्हिडिओ) करून आणू नका. डीएनजीचे मूळ फोल्डर आणा, नावं न बदलता, टोपी लावून घेतलेल्या फ्रेम्स आणि चार्टच्या शॉटसकट. बारा बिटचं 1080 रॉ कॉम्प्रेशन न धरता मिनिटाला साडेचार जीबीच्या आसपास जातं. पॉकेट लॉसलेस कॉम्प्रेशन करतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. पंधरा मिनिटांच्या फिल्मचं सगळं फुटेज, न वापरलेल्या टेकसकट, एका साध्या हार्ड डिस्कवर मावतं. दोन डिस्कवर ठेवा आणि दोन्ही एकाच घरात ठेवू नका.