डब्यातले पन्नास शेअर

एका शेअर सर्टिफिकेटसाठी तीन अर्ज का, हे समजावण्यात त्या दिवशीची सकाळ गेली. काकूंचा मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, "मॅडम, कागद तर एकच आहे ना?" कागद एकच होता. जुन्या बजाज ऑटोचे ५० शेअर, नवरा-बायकोच्या जोडनावावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार घड्या घालून ठेवलेले.

पण ती कंपनी २००८ मध्ये विभागली गेली. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज म्हणून राहिली आणि प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक, बजाज फिनसर्व्हचा एक असे शेअर मिळाले. ५० चे १५० झाले, तेही तीन कंपन्यांत. २०१० मध्ये ऑटोने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरवर एक फुकट. २०२२ मध्ये फिनसर्व्हने पाच रुपये दर्शनी किमतीचा शेअर एक रुपयाचा केला, म्हणजे एकाचे पाच (हा स्प्लिट), वर एकास एक बोनस. मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दिलं: होल्डिंग्ज ५०, ऑटो १००, फिनसर्व्ह ५००. त्या दिवशीच्या भावाने वीस लाखांच्या वर. मुलगा गप्प झाला. काकू म्हणाल्या, "ह्यांना हे ठाऊकच नव्हतं हो."

आकुर्डीत टर्नर असलेले काका २००६ मध्ये तळेगावला राहायला गेले आणि पत्ता कळवायचा राहिला. नव्या कंपन्यांची सर्टिफिकेटं पोस्टातून परत गेली, लाभांशही परत गेले. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअरच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आमच्या भाषेत आयईपीएफमध्ये, जमा होतात. तिथे ते गोठतात, मतदानाचा हक्क राहत नाही. पण बोनस आणि स्प्लिट त्यांच्यावर पडतच राहतात. फिनसर्व्हच्या ५० चे ५०० झाले ते तिथेच, सरकारी कुलपात.

परत मिळवायचे तर आधी कंपनीकडून हक्कपत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत, पाचशेच्या बाँड पेपरवरचं हमीपत्र आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली आगाऊ पावती कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ह्याच कामासाठी नेमलेल्या माणसाकडे, पाठवायची. शेअर कागदावर परत येत नाहीत, अर्जदाराच्याच नावाचं डिमॅट खातं लागतं. आणि एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच एकत्रित अर्ज चालतो. एखादा फोलिओ, म्हणजे कंपनीकडचा भागधारकाचा खाते क्रमांक, लिहायचा राहिला तर पुढचं वर्ष उजाडेपर्यंत बसा. म्हणून घाई करणाऱ्यांना मी आधी घरातली सगळी कपाटं धुंडाळायला लावते.

इथे एक गोष्ट बरी होती. काकूंचं नाव दुसरं होतं, त्यामुळे वारस दाखला, कोर्ट काहीच नको. मृत्यूचा दाखला देऊन पहिलं नाव वगळायचं, एवढंच. परत गेलेली सर्टिफिकेटंही हरवलेली नव्हती, कंपनीच्या सस्पेन्स खात्याला, म्हणजे कुणी न घेतलेल्या शेअरांच्या खात्याला, नोंदलेली होती, म्हणून हरवल्याचा एफआयआरही करावा लागला नाही. एका एजंटाने त्यांच्याकडे ह्याच कामाचे वीस टक्के मागितले होते. वीस टक्के म्हणजे चार लाख! लुबाडण्याला 'सर्व्हिस' म्हणायची पद्धत पडली आहे, दुसरं काय.

अडलं ते दोन ठिकाणी. सर्टिफिकेटवर 'पुष्पा', पॅनवर 'पुष्पलता'. आणि सही. काकूंचा हात आता थरथरतो, त्यामुळे आयएसआर-२ फॉर्मवर बँकेने ती सही प्रमाणित करायला हवी: शिक्का, अधिकाऱ्याचं नाव, एम्प्लॉयी कोड. शाखेतले साहेब म्हणाले, "असा फॉर्म आमच्याकडे नसतो." अहो, फॉर्म तुमचा नाहीच, कोड तेवढा तुमचा हवाय! बँकवाल्यांना लॉकरचं भाडं बरोबर आठवतं, हा फॉर्म मात्र दर वेळी नवा असतो.

दुपारी डब्यातलं बाकीचं काढलं. युनायटेड वेस्टर्न बँकेचे १०० शेअर. साताऱ्याची ही बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, भागधारकांना शेअरमागे २८ रुपये. ग्लोबल ट्रस्ट बँकेचे २००: २००४ मध्ये ओरिएंटल बँकेत विलीन, भागधारकांना शून्य. १९९४-९५ च्या पब्लिक इश्यूच्या लाटेतल्या चार कंपन्यांचा तर पत्ताही लागेना. आमच्या ऑफिसातला एक सहकारी दर दिवाळीला ग्राहकांना अमळनेरच्या विप्रोची गोष्ट पाठवतो: १९८० चे १०० शेअर, बोनस-स्प्लिट धरून २०१० मध्ये ९६ लाख शेअर झाले, तेव्हा घ्या आणि विसरा. गणित बरोबर आहे. पण ह्या डब्यात सातही कागद सारखेच विसरलेले होते.

तळाशी एक वही निघाली. काकांचं वेगळं डिमॅट खातं होतं, त्याचा हिशोब. वाचन दांडगं असावं; वार्षिक अहवालांतली कर्जाची, रोख प्रवाहाची आकडेमोड बारीक अक्षरात केलेली. एका पानावर थांबले. 'मार्च २००९. बजाज ऑटो २५, भाव ६१०.' खाली, 'जून. १,००० ला काढले. नफा ९,७५०. फ्रिज.'

डब्यात त्याच कंपनीचे ५० असताना ह्यांनी २५ विकत घेतले, अभ्यास करून, आणि तीन महिन्यांत विकले.

रॉबर्ट किर्बी ह्या अमेरिकन फंड मॅनेजरचा १९८४ चा एक लेख मी नवशिक्यांना सांगत आले आहे. त्याच्या एका ग्राहक बाईंचे पती वारले. बायकोला मिळणाऱ्या सल्ल्यातल्या फक्त खरेदीच्या सूचना ते गुपचूप पाळत होते, दर वेळी साधारण पाच हजार डॉलर. विक्रीच्या सूचना सोडून देत. काही शेअर दोन हजार डॉलरच्याही खाली घसरले होते, काही लाखाच्या वर गेले होते, आणि एकट्या हॅलॉइडचे, म्हणजे पुढच्या झेरॉक्सचे, आठ लाखांहून जास्त. हे सांगताना मी नेहमी 'धीर' हा शब्द वापरते. त्या गृहस्थाला विकता येत होतं आणि त्याने विकलं नाही. काकांना जिथे विकता येत होतं तिथे त्यांनी विकलं. जिथे येत नव्हतं, तिथे वीस लाख झाले. ह्याला काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. आणि २००९ सालचा जून आठवा. बाजार नुकता तळातून उठलेला, सगळे म्हणत होते पुन्हा पडणार. तेव्हा ते विकणं मलाही शहाणपणाचंच वाटलं असतं.

काकूंना ते पान वाचून दाखवलं. "हो, आमचा फ्रिज," त्या म्हणाल्या. "अजून चालतोय. दाराचं रबर तेवढं बदललं मध्ये."

मुलगा निघता निघता दारातून वळला. "मॅडम, शेअर आले की काढून टाकू का लगेच?"

मी म्हटलं, "आधी बँकेतून तो एम्प्लॉयी कोड आणा."